कठवाड्याचे मोटारघर

अहमदाबाद शहराच्या पूर्वेला, सरदार पटेल वर्तुळमार्गाजवळ कठवाडा नावाचे गाव आहे. तेथील दास्तान इस्टेटमध्ये शंभराहून अधिक जुन्या मोटारी ओळीने उभ्या आहेत. रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, लगोंडा, मर्सिडीज, पॅकार्ड, कॅडिलॅक, ब्युइक, लिंकन अशी नावे वाचत पुढे सरकावे आणि एकेका गाडीसमोर थांबावे, असे ते स्थळ आहे. या संग्रहाचे नाव ‘ऑटो वर्ल्ड’. तो उभा करणारे मुंबईचे उद्योजक प्राणलाल भोगीलाल २०११ मध्ये निवर्तले. त्यांना मी कधी पाहिले नाही. माझी त्यांची ओळख झाली ती त्यांच्या पश्चात, त्यांनी मागे ठेवलेल्या गाड्यांच्या सान्निध्यात.

माणसाला त्याच्या मागे उरलेल्या गोष्टींवरून ओळखण्याची सवय मला नोकरीने लावली. मृत खातेदारांच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम शाखेत बरीच वर्षे माझ्याकडे होते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, हमीपत्र, सह्या, साक्षीदार. रोख रकमेची वाटणी सोपी असते, तिचे हवे तितके समान भाग पडतात. वस्तूंचे तसे नसते. वडिलांनी आयुष्यभर जमवलेली नाणी चार भावांत वाटली की नाणी उरतात, संग्रह उरत नाही. भागाकार अचूक असतो आणि त्या अचूकपणातच संग्रहाचा अंत होतो. अशा वाटण्या मी पुष्कळ पाहिल्या. म्हणूनच एक संग्राहक गेला आणि त्याचे मोटारघर मात्र त्याच्यामागेही लोकांसाठी उघडे राहिले, याचे मला विशेष वाटले. हे कशामुळे साधले असेल, या प्रश्नाने मी तेथून परतलो. त्याचे जे उत्तर मला सुचले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची कन्या अहमदाबादेस दिली आहे. निवृत्तीनंतर पत्नीसह तिच्याकडे जाण्यासाठी आम्ही मिरजेहून कोल्हापूर-अहमदाबाद गाडी धरली. हा लोहमार्ग सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील माणसाला घरच्या अंगणासारखा परिचित असतो. सांगली सुटली की उसाचे मळे लागतात आणि थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी येते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळरानावर लोखंडी नांगरांचा कारखाना येथे आणला. त्यांना जागा दिली ती औंध संस्थानाने. पुढे कराड मागे पडते, रहिमतपूर येते, आणि मनाने आपण पूर्वेकडे औंधला जाऊन पोहोचतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे थोर प्रचारक होते. आयुष्यभर जमवलेल्या चित्रांसाठी आणि शिल्पांसाठी त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय बांधले. आमच्या या दोन जिल्ह्यांत यंत्राला आश्रय देणारा आणि कलावस्तू जमवणारा राजा एकच होता, ही आठवण सोबत घेऊन मी गुजरातेत उतरलो. कठवाड्यात तिचा मला उपयोग झाला.

मुलीच्या घरून कठवाडा फार दूर नाही. शहरातील गर्दी विरळ होत जाते, झाडी वाढते आणि मोठ्या छपरांखाली गाड्यांच्या रांगा दिसू लागतात. पहिली जाणीव होते ती आकाराची. आजच्या मोटारी एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या असतात. येथे प्रत्येक गाडीचा चेहरा निराळा आहे. याचे कारण त्या काळच्या रीतीत आहे. रोल्स-रॉइससारखी कंपनी इंजिन आणि सांगाडा तयार करून देई. त्यावरचे शरीर हूपर, बार्कर यांसारखे स्वतंत्र कारागीर गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार घडवत. हे कारागीर मुळात घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे. त्यामुळे त्या मोटारींत बग्गीचा डौल उतरलेला दिसतो. पाय ठेवायची लांब पायरी, लाकडी आऱ्यांची चाके, मोठाले पितळी दिवे, रबरी फुग्याचा भोंगा. हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांनी तर त्यात आपल्या गरजांची भर घातली. शिकारीच्या मोटारीला बंदुका ठेवण्याची खोबण आणि शोधदिवे, राणीवशाच्या मोटारीला पडदे, मिरवणुकीच्या मोटारीला उंच आसन.

सोबत आमचा नातू होता. एका गाडीपुढे उभा राहून त्याने विचारले, “आजोबा, ही गाडी चालू करायची बटण कुठे आहे?” त्याला मी पुढच्या बाजूचे हँडल दाखवले. हाताने चक्र फिरवून इंजिन जागे करावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेवर सुरू होणारी मोटार आणली, तेव्हा हा धोका टळू लागला. नातवाने बराच वेळ ते हँडल न्याहाळले. मग म्हणाला, “म्हणजे गाडीशी आधी कुस्ती खेळायची आणि मग बसायचे!” सांगलीच्या रक्ताचा परिणाम असावा, उपमा त्याला तालमीचीच सुचली.

या गाड्या प्राणलालभाईंच्या हाती आल्या त्यामागे देशाचा इतिहास आहे. संस्थाने विलीन झाली, आणि १९७१ मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजवाडे सांभाळणे जेथे कठीण, तेथे पेट्रोल पिणाऱ्या वीस-पंचवीस मोटारी कोण सांभाळणार? काही गाड्या तबेल्यात सडल्या, काही वजनावर भंगारात गेल्या, आणि ज्या बऱ्या होत्या त्यांतील कित्येक परदेशी गिऱ्हाइकांनी नेल्या. कलकत्त्यातील एका इंग्रज गृहस्थासाठी १९१० मध्ये इंग्लंडात बनलेली हंसाच्या आकाराची मोटार प्रसिद्ध आहे. तिच्या चोचीतून वाफेचे फवारे उडत. पुढे ती नाभा संस्थानाकडे होती. आज ती पाहायची तर नेदरलँड्समधील हेग शहरी लॉमन संग्रहालयात जावे लागते. अशा मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारने पुढे निर्बंध घातले, पण तोवर पुष्कळ काही गेले होते. जे राहिले ते राखायला माणसे हवी होती. सरकारी नियम मोटारीला सीमेवर अडवू शकतो, तिच्या इंजिनात तेल घालू शकत नाही. ते काम प्राणलाल भोगीलालांसारख्या हौशी मंडळींनी केले.

हौस हा शब्द आपण सहज वापरतो. जुन्या मोटारीची हौस म्हणजे काय, हे जरा पाहण्यासारखे आहे. मूर्ती किंवा चित्र एकदा योग्य जागी ठेवले की स्वस्थ राहते. मोटारीला स्वस्थता मानवत नाही. ती उभी राहिली की बिघडू लागते. टाकीतले पेट्रोल घट्ट होऊन नळ्या बुजवते, रबरी भाग कडक होतात, ब्रेक जाम होतात, चाके एका बाजूला चपटी होतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. तिला जिवंत ठेवायचे तर मधूनमधून चालवावे लागते, आणि चालवली की काहीतरी झिजते. झिजलेला भाग बाजारात मिळत नाही, कारण तो बनवणारी कंपनी साठ वर्षांपूर्वी बंद पडलेली असते. मग लेथवर तो नव्याने घडवावा लागतो. नुसता पैसा असून हे होत नाही. त्यासाठी सुतार, लोहार, पत्र्याचे काम करणारा, गादीकाम करणारा, रंगारी आणि या सर्वांना धरून ठेवणारा एक माणूस लागतो. श्रीमंतीने मोटार विकत घेता येते. ती पुन्हा धावती करायला चिकाटी लागते, आणि धावती ठेवायला त्याहून अधिक.

कठवाड्याचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. तेथे शुल्क भरून काही जुन्या मोटारींतून फेरफटका मारता येतो. आम्हीही मारला. इंजिनाचा आवाज आजच्या गाडीसारखा दबका नव्हता. तो प्रत्येक धक्का मोजून देत होता. उंच आसनावरून रस्ता निराळा दिसतो, आणि वेग फार नसूनही वारा तोंडावर येत असल्याने तो पुष्कळ वाटतो. ज्यांनी हे पाहणाऱ्यांना खुले केले, त्यांच्या मनाची घडण मला त्या पाच-दहा मिनिटांत समजली. मौल्यवान वस्तूला हात लावू नये अशी पाटी लावणे सोपे असते. येथे वस्तूनेच पाहुण्याला उचलून बसवले होते.

हे पाहताना मला आमच्या गावाकडची श्रुतपंचमी आठवली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला मंदिरातील जुनी शास्त्रे बाहेर काढतात, त्यांवरची धूळ झटकतात, वेष्टने बदलतात, ऊन दाखवतात. ग्रंथ कपाटात बंद राहिला तर कसर लागते, आणि उघडला, वाचला, हाताळला तर टिकतो, हे आपल्या पूर्वजांनी सणाच्या रूपाने शिकवून ठेवले. कापूस आणि लोखंड, ताडपत्र आणि पोलाद, यांत मोठे अंतर आहे. पण राखण्याचा नियम एकच दिसतो. जे वापरात राहते ते वाचते.

कोल्हापूरकरांना तर याचा प्रत्यय दरवर्षी येतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार नव्या राजवाड्यात जपलेली आहे. विजयादशमीला छत्रपतींचे कुटुंब त्या मोटारीतून दसरा चौकात येते आणि सोने लुटण्याच्या सोहळ्याला हजारो माणसे जमतात. लहान मुलाला खांद्यावर घेऊन बाप सांगतो, “ती बघ महाराजांची गाडी!” ते जर्मन बनावटीचे यंत्र आता कोल्हापूरच्या दसऱ्याचे अंग झाले आहे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या मोटारीला हे भाग्य लाभले नसते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारींविषयी बोलताना घसाऱ्याचा उल्लेख टाळणे कठीण. आम्ही मोटारीला ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहितो आणि दरवर्षी तिची किंमत कमी करत जातो. भाड्याने चालणाऱ्या मालमोटारीला आयकरात आज वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो. दहा लाखांची मालमोटार या हिशेबाने दहा वर्षांनी साधारण २८ हजारांवर येते. गंमत अशी की घटत्या शिल्लकेच्या या पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही. कितीही वर्षे उलटली तरी काहीतरी उरतेच. विद्यार्थिदशेत हा मला गणिताचा एक विक्षेप वाटे. कठवाड्यात तो निराळ्या अर्थाने उमगला. वस्तूची उपयोगाची किंमत उतरत उतरत तळाशी जाते. तेथे बहुतेक जण तिला सोडून देतात. एखादाच तिला हात देतो, आणि मग तिची दुसरी किंमत चढू लागते. ती कोणत्याही खतावणीत नसते. प्राणलालभाईंनी दुसऱ्यांच्या वहीत तळाशी गेलेल्या वस्तू उचलल्या, हे त्यांचे खरे भांडवल होते.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो यावाच. शंभर मोटारी बाळगणे हा परिग्रह नव्हे काय? अपरिग्रहाचे संस्कार ज्या घरांत रोज कानी पडतात, तेथे अशा संग्रहाचे कौतुक करावे का? मी विद्वान नाही. पण आपल्या शास्त्रांनी वस्तूपेक्षा वस्तूविषयीच्या मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हटले आहे, इतके ऐकून ठाऊक आहे. कोणाच्या अंतरीची आसक्ती बाहेरच्याने मोजू नये. बाहेरून दिसते ते इतकेच, की दार बंद होते की उघडे. औंधचे भवानराव १९५१ मध्ये निवर्तले, परंतु त्यांचे संग्रहालय त्यांच्या हयातीतच रयतेचे झाले होते. म्हणून संस्थान गेले तरी ते राहिले. राज्य शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आज त्याची व्यवस्था आहे, आणि शाळेच्या सहलीतील मुले रविवर्म्याच्या चित्रांपुढे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या शिल्पापुढे उभी राहतात. कठवाड्याचेही तसेच. मालकाने जिवंतपणीच दार उघडले आणि येणाऱ्याला पाहण्याची सवय लावली. पाहणाऱ्यांचा हक्क एकदा रुजला की वारसांनाही ती वस्तू केवळ वाटणीची राहत नाही. संग्राहक मालकाचा विश्वस्त होतो तो आपल्या हातांनी, आपल्या हयातीत. मृत्युपत्र त्यानंतरचे. दाव्यांची कागदपत्रे हाताळताना जे कोडे मला पडत असे, त्याचे उत्तर मला औंध आणि कठवाडा यांनी मिळून दिले.

परतीच्या प्रवासात मात्र दुसराच विचार मनात घोळू लागला. कठवाड्यात राजे आहेत, नवाब आहेत, उद्योगपती आहेत. आमची सांगली ज्यांच्या चाकांवर मोठी झाली, त्या गाड्या कोठे आहेत?

माझे वडील गणपती पेठेतील एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीच्या हंगामात दुकानासमोर मालमोटारींची रांग लागे. हमाल पोती पाठीवर घेऊन फळीवरून हौद्यात चढत, क्लीनर ताडपत्री ओढून दोरखंड आवळी, वडील चौकटीच्या वहीत पोत्यांचा आकडा मांडत आणि ड्रायव्हरच्या हाती बिल्टी देत. संध्याकाळी निघालेली गाडी रातोरात घाट चढून मुंबईच्या वाटेला लागे. त्या गाड्यांची नावे आम्हा मुलांना क्रिकेटपटूंच्या नावांसारखी पाठ होती. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या डॉज आणि फार्गो. बेडफर्ड. अशोक लेलँडची कॉमेट. आणि टाटा-मर्सिडीज. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून मालमोटारी बनवायला आरंभ केला. १९६९ मध्ये तो करार संपेपर्यंत त्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. आज ज्या ताऱ्यासाठी माणसे कोट्यवधी मोजतात, तो ताऱ्याचा शिक्का हळदीने पिवळा झालेला आम्ही पाहिला आहे.

पुढे बँकेत आल्यावर याच गाड्यांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले. कालपर्यंतचा क्लीनर ड्रायव्हर होई, ड्रायव्हर दहा-बारा वर्षांत मालक होऊ पाही. जामीन म्हणून मामा किंवा मेहुणा सोबत येई. गाडी बँकेकडे तारण आहे अशी नोंद आर.सी. बुकात होई. नवी गाडी घेऊन मालक शाखेसमोर येई, बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, आणि पेढे सर्व टेबलांवर. ती गाडी त्या घरातील मुलांची फी भरे, बहिणींची लग्ने करी, पहिल्या मजल्याचा स्लॅब टाके. कर्ज फिटले की तारणाची नोंद रद्द होई. पंधरा-वीस वर्षांनी गाडी भंगारवाल्याकडे जाई आणि त्याची दखल कोणी घेत नसे. राजाची मोटार राजाला मिरवत होती. ही मालमोटार एका कुटुंबाला वर काढत होती. वारशाच्या तराजूत दुसरी हलकी का ठरावी?

गावाच्या स्मृतीतून वस्तू किती झटकन जातात, याचा दाखला आमच्या हरिपुरातच आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावी जमिनीच्या पोटात खोल पेवे खणलेली होती. तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस. त्यांत साठवलेली हळद वर्षानुवर्षे टिके, तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले, हळद गेली, पेवे खचली. २०१९ मध्ये पुन्हा महापूर आला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ज्या पेवांनी तिचे नाव राखले ती आज मोजकीच उरली आहेत. पेवांवर निदान लेख आले. ती हळद वाहून नेणाऱ्या गाड्यांचे तेवढेही झाले नाही.

कायद्यानेही या बाबतीत एक रेघ ओढलेली आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व खासगी मोटारींना त्यांत विंटेज वाहनाचा दर्जा मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही खूण. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. संग्राहकांची जुनी अडचण त्याने दूर केली. पण मालमोटार या व्याख्येत बसत नाही. महाराजांच्या रोल्स-रॉइसला कायद्याचे छत्र आहे, हळद वाहणाऱ्या फार्गोला नाही. तिला इतर मालवाहू गाड्यांप्रमाणे योग्यतेची तपासणी उत्तीर्ण व्हावे लागणार, नाही तर रस्ता सोडावा लागणार.

सामान्य गाडी डोळ्यांदेखत नाहीशी होते, हे मुंबईने नुकतेच पाहिले. प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी कित्येक दशके त्या शहराची ओळख होती. तिची शेवटची नोंद २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. ज्या सांगलीत वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेथील आम्हा लोकांना त्या बातमीने घरचे माणूस गेल्यासारखी हळहळ वाटली. तोवर त्या टॅक्सीकडे वारसा म्हणून पाहावे, असे फारसे कोणाला सुचले नव्हते.

मार्ग नाही असे नाही. हरियाणात तावडू येथे २०१३ पासून हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. तेथे बैलगाडी, पालखी, आगगाडीचा डबा आणि बस यांना मोटारींच्या बरोबरीने जागा दिली आहे. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. युद्धात लढलेल्या यंत्रांना आपण मान दिला. बाजारात राबलेल्या यंत्रांनाही तो द्यायला हरकत नसावी. सांगलीच्या मार्केट यार्डात एक मालमोटार, एक बैलगाडी, एक वजनकाटा आणि एक जपलेले पेव एवढे जरी एकत्र आले, तरी पुढच्या पिढीला या गावाचा अर्थव्यवहार पुस्तकाविना समजेल. यार्डातील जुन्या पेढ्या, वाहतूकदारांची संघटना, महाविद्यालयातील यंत्रशाखेचे विद्यार्थी आणि आमच्यासारखे वेळ असलेले निवृत्त लोक यांनी मनावर घेतले तर हे अशक्य कोटीतील काम नाही. एका गाडीपासून आरंभ होऊ शकतो. प्राणलालभाईंच्या शंभर गाड्यांतही एक कोणती तरी पहिली होतीच.

तोपर्यंत आपल्या घरात जे आहे ते आपण राखू शकतो. ज्यांच्या घरी वाहतुकीचा किंवा अडतीचा व्यवसाय होता, त्यांनी माळ्यावरची पेटी एकदा उतरवावी. जुने आर.सी. बुक, बिल्टीची स्थळप्रत, गाडीपूजेचे छायाचित्र, टोलच्या पावत्या, ड्रायव्हरने लिहिलेली खर्चाची वही. ही कागदपत्रे रद्दीत गेली तर गाडीबरोबर तिचा इतिहासही गेला. छायाचित्राच्या मागे गाडीचा क्रमांक, साल आणि उभ्या असलेल्या माणसांची नावे लिहून ठेवावीत. ती नावे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्या गल्लीतील अशा एका वयोवृद्ध ड्रायव्हरकाकांना मी मागच्या महिन्यात विचारले, “काका, पहिली गाडी कोणती चालवलीत?” त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता गाडीचे नाव, क्रमांक आणि तिच्या तिसऱ्या गिअरची खोड सांगितली. मी ते लिहून घेतले आहे. उरलेले ऐकायला या रविवारी पुन्हा जाणार आहे.